ठकीचा आजार

ठकीला बंद दार खपायचं नाही. कोल्हापुरात आमच्या गल्लीतच जन्मलेली, तांबडी-पांढरी कुत्री, एक कान कायम पडलेला. मोठी होईस्तोवर ती रस्त्यावरच राहिली. मग एका दिवाळीत फटाक्यांना भिऊन माजघरात शिरली आणि तिथलीच झाली. सासूबाई तिला "ठके, हो बाजूला" म्हणून दटावायच्या आणि भाकरीचा पहिला तुकडा तिलाच टाकायच्या.

पुढे फरशीवर रक्ताचे थेंब दिसू लागले. माजावर आली असेल, असं शेजारी म्हणाले. पण थेंब थांबेनात आणि ती सारखी स्वतःला चाटत बसे. डॉक्टरांनी तपासलं तर योनिमार्गात फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गाठ, हात लागताच रक्त येणारी. काचपट्टीवर पेशी घेऊन त्यांनी निदान केलं : टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांमध्ये मुख्यतः समागमातून पसरणारा कॅन्सर.

यात रोगजंतू पसरत नाहीत, कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ साली एका कुत्र्याची गाठ दुसऱ्याच्या अंगात रुजवून ते दाखवलं. अशाच एकातून दुसऱ्यात जात हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा एका कुत्र्याच्या पेशी आज आमच्या ठकीच्या अंगात वाढत होत्या! माणसाला हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं, कारण "हिला आता बाहेर ठेवा" असं म्हणणारे घरी येऊन गेले होते. "रस्त्यावरच्या कुत्रीपायी एवढा खर्च?" असंही कुणी म्हणालं. त्यावर सासूबाईंनीच उत्तर दिलं, "घरात आली ती घरची."

औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून काढतात. परसातली ती फुलं सासूबाई रोज देवाला वाहायच्या. एका बाईंनी लगेच सुचवलं, मग पानांचा रसच पाजा की! डॉक्टरांनी हात जोडले. ती पानं विषारी आहेत. त्यातलं औषध शुद्ध करून, वजनाच्या हिशेबाने, शिरेतूनच द्यावं लागतं.

दर आठवड्याला आधी रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच इंजेक्शन, नाहीतर पुढे ढकलायचं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी सडते, म्हणून पाय जराही हलता कामा नये. मी तिचं डोकं छातीशी धरायची. घरभर उंडारणारी ही कुत्री त्या टेबलावर दगडासारखी स्थिर राहायची आणि फक्त माझ्याकडे बघायची. मला ते बघणं सोसायचं नाही. घरी आल्यावर दोन-तीन दिवस तिचं मूत आणि ओकारी हातमोजे घालूनच पुसायची, कारण औषधाचा अंश त्यातून बाहेर पडतो.

खाण्याची मात्र परीक्षा होती. इंजेक्शननंतर ती ताटलीकडे पाठ करून बसे. मळमळ थांबायची गोळी दिल्यावर सासूबाई कांदा-लसूण न घातलेला कोमट अळणी रस्सा करायच्या, कारण कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. भात त्यात कुस्करून बोटाने तिच्या ओठाला लावायच्या. एरवी कुत्र्याचं तोंड लागलं की हात धुवायला धावणाऱ्या सासूबाई तासभर तिच्याजवळ फतकल मारून बसत. एक घास गेला की सगळ्या घराला हाक मारून सांगत. केस गळतील अशी मला धास्ती होती, पण तसं झालं नाही. बहुतेक कुत्र्यांचे गळत नाहीत.

दोन-तीन इंजेक्शनांतच रक्त थांबलं. गाठ आक्रसत गेली आणि शेवटी उरलीच नाही. पुढे अंगात ताकद आल्यावर आम्ही तिची नसबंदी करून घेतली. त्यानंतर ठकी पुष्कळ वर्षं जगली आणि म्हातारी होऊन गेली. तो कॅन्सर पुन्हा आला नाही.

रक्त ठिबकणारं कुत्रं दाराशी आलं की लोक त्याला हाकलतात. कृपा करून तसं करू नका. ते कुत्रं पशुवैद्याला दाखवा. टीव्हीटी असेल, तर बहुतेक वेळा चार ते सहा इंजेक्शनांत ते बरं होतं.