तलाठ्याचं पत्र

प्रूफात लाल शाईने एकच शब्द खोडला होता. ‘कोरड्यास’. वर सुवाच्य अक्षरात ‘रस्साभाजी’. बाकी लेखाला हात नाही. मला राग आला नाही, तोंडाची चव तेवढी गेली. कोरड्या भाकरीला लावून खायचं ते कोरड्यास, मग ते कितीही पातळ असो. रस्साभाजी हॉटेलात मिळते, वाटीत.

१९८२ साली मी पाचवीत होतो. मुंबईत गिरण्यांचा संप जानेवारीतच लागलेला, लालबागच्या काकाची मनिऑर्डर थांबलेली. माणदेशात पाऊस नाही, ही काही बातमी नव्हे. पण आजीला ती कळवायची होती. ती उंबऱ्यावर, मी आतल्या बाजूला मांडीवर पाटी आणि पाटीवर आंतरदेशीय पत्र.

“लिव. म्हस ईकली. पान्याचं काय खरं न्हाई. पर तू घोर करू नगंस.”

मी लिहिलं : ‘पावसाने ओढ दिली आहे. म्हैस विकावी लागली. तरी आपण काळजी करू नये.’ आपण! सख्ख्या लेकाला! गुरुजींनी शिकवलेला मायना वर, ‘कळावे’ खाली. अक्षर वळणदार यावं म्हणून जीभ बाहेर काढून लिहीत होतो.

“वाच बगू.”

वाचलं. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “ह्ये कुन्या तलाठ्याचं पत्र हाय?”

पण कागद एकच होता, नि पैसे मोजून आणलेला. तसाच चिकटवून पेटीत टाकला.

आठवड्याभरात काका दारात. घामाघूम. आजी शेळीला पाला घालत होती. तिला बघून तो तिथंच मटकन बसला. “पत्र वाचलं आन् वाटलं, आई गेली. दुसराच कुनीतरी तिच्या नावानं लिवतोय.”

‘घोर’ आणि ‘काळजी’ यांत एवढं अंतर असतं. मला शाळेत त्या पत्रासाठी दहापैकी नऊ तरी पडले असते.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. पण त्यांच्या ओव्या टिपणारा त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी असूनही त्या बोलीला हात न लावता थांबला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुस्तक १९५२ साली आलं, त्या गेल्यावर. कवीला दुसऱ्याच्या ओळीत एक मात्रा सरळ करायचा मोह आवरणं म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यालाच विचारा.

आम्ही बाकीचे अवतरणचिन्हांचं कुंपण घालतो. आत आजी बोलते, बाहेर आम्ही शुद्ध. ‘बनगरवाडी’ माझी आवडती कादंबरी, माडगूळकर आमच्याच मातीतले. पण तिथंही धनगर बोलतात एक आणि निवेदनातला मास्तर सांगतो दुसऱ्याच भाषेत. मास्तरच तो, असं म्हणून मी त्याला माफ करतो. स्वतःला कोणत्या सबबीवर करायचं? हा परिच्छेदही बघा की.

प्रूफावर मी ‘कोरड्यास’ परत लिहिलं. संपादकांचा निरोप आला, भला माणूस आहे : ठेवू या, पण तळटीप द्याल का?

तळटीप लिहायला बसलो. मटकीला मोड बोटभर नकोत, नखाएवढेच. कूट जाडसर. चुलीवर उकळी आली की आजी एकदा बाहेर रस्त्याकडे बघायची आणि मगच तांब्याभर पाणी वाढवायची. एस्टीची वेळ झालेली असे, आणि कुणी ना कुणी उतरायचंच.