सतरावं आवर्तन

चि. मनूस,



बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी थिएटरबाहेर माझे ओठ हलताना बघून तू म्हणालीस, "आई, तूसुद्धा?" मी गप्प बसले. देव्हारा नसलेलं घर चालवलं याची माझी मिजास तुला ठाऊक होती. आता बाबा स्वतःचा चहा स्वतः करतात (ओटा पुसत नाहीत, ते जाऊ दे), तेव्हा निवांत लिहिते.

तू वाचायला दिलेला २००६ सालचा तो अमेरिकन अभ्यास मी विसरले नाहीये. सहा रुग्णालयं, बायपासचे १,८०२ रुग्ण, त्यातल्या बऱ्याच जणांसाठी अनोळखी माणसांनी चौदा दिवस केलेली प्रार्थना. फरक शून्य. उलट आपल्यासाठी प्रार्थना होणार हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. नक्की न सांगितलेल्यांत प्रमाण ५२ टक्के होतं. देवाला साकडं घालायची वेळ आली म्हणजे आपलं काही खरं नाही, असंच वाटलं असेल बिचाऱ्यांना! पण बाहेर बाकावर बसलेल्यांचं काय झालं, हे त्यात मोजलं नव्हतं.

मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं ट्रोब्रिआंड बेटांवरच्या कोळ्यांबद्दल लिहिलंय. बेटालगतच्या उथळ, शांत पाण्यात मासे हमखास मिळत, तिथे मंत्रतंत्र नसे. खुल्या समुद्रात जायचं, की सगळे विधी आले. माझंही तेच. बाबांना ताप आला की मी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवते, पेज करते. देव आठवत नाही. त्या दिवशी मात्र दार बंद झालं आणि माझ्याकडे उरलं काय, तर त्यांचं घड्याळ आणि चपला घातलेली पिशवी. फॉर्मवर सही केली की तुमचं शास्त्र नातेवाइकाला दुसरं काही करायला देत नाही गं.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. जन्मभर नवसांविरुद्ध कीर्तनं करणाऱ्या माणसाच्या नावाच्या छपराखाली किती नवस बोलले गेले असतील! महाराजांनी खडसावलं असतं, पण आधी विचारलं असतं, जेवलात का?

अंगारा लावून गोळ्या बंद करणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. आणि माणूस गेल्यावर "तुमची श्रद्धाच कमी पडली" म्हणणाऱ्यांचा तर मला संताप येतो.

बाकावर शेजारी बसलेल्या काकू, ज्यांचा मुलगाही आत होता, म्हणाल्या होत्या, "एकवीस आवर्तनं करा." लहानपणी आजीनं घोकून घेतलेलं अथर्वशीर्ष, मधल्या दोन ओळी आठवेनात, त्या गाळून म्हणत होते. सतरावं चालू असताना तू आलीस. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले, तू रडलीस.

उरलेली चार मी नंतर काकूंच्या मुलासाठी म्हटली. त्याचं पुढे काय झालं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

तुझी,
आई