टाचणीचं लाल डोकं

सरांनी मला धनुष्य धरायला शिकवलं, ते ऋण आहेच. पण त्याहून मोठं ऋण त्यानंतरचं आहे. जी विद्या त्यांना स्वतःला येत नव्हती ती मला मिळावी म्हणून हा माणूस पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी झाला. मी आज अकोल्यात शाळेच्या मैदानावर मुलींना तिरंदाजी शिकवते, ती या दुसऱ्या ऋणाच्या बळावर.

माझं गाव मूर्तिजापूरजवळचं. खेळाचं शिक्षण घ्यायचं तर आमच्या भागातल्या पोरांना अमरावती दिसते, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दिसतं. 1914 साली सुरू झालेल्या या संस्थेचं पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळ दाखवून आलं होतं. ही गोष्ट आम्हाला घरातल्या मोठ्या माणसांच्या पराक्रमासारखी ऐकवली जायची. अमरावतीतच एका मोकळ्या मैदानावर सर सकाळ-संध्याकाळ मुलांना तिरंदाजी शिकवत.

शिकवत ते इंडियन राऊंड. बांबूचं धनुष्य, 30 आणि 50 मीटर अंतर, आणि धनुष्यावर साइट, म्हणजे नेम धरायचा काटा, नाही. नेम धरायचा तो तिराच्या टोकाने. जवळच्या अंतरावर टोक टार्गेटच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या खाली ठेवावं लागतं, अंतर वाढलं की ते वर सरकतं. किती खाली, किती वर, हे धनुष्याच्या ताकदीवर, तिराच्या लांबीवर आणि हनुवटीखाली हात कुठे टेकतो यावर ठरतं. सरांचा हा अंदाज बघत राहावा असा होता. मे महिन्याच्या उन्हात जमिनीतून झळा निघत, टार्गेट हलल्यासारखं दिसे, तरी त्यांचे तीर एकमेकांना खेटून लागत. आसपासच्या जिल्ह्यांतले खेळाडू त्यांना विचारायला येत. या विद्येत त्यांना शिकायचं काही उरलं नव्हतं.

पण इंडियन राऊंड देशाबाहेर खेळला जात नाही. ऑलिंपिकला जायचं तर रिकर्व्ह धनुष्य हवं. अंतर 70 मीटर, टार्गेट 122 सेंटिमीटरचं आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 12.2 सेंटिमीटरचं. रिकर्व्हला साइट असते. मला तिकडे जायचं होतं आणि सरांना सांगायचा धीर होत नव्हता. मैदानावरचे काही जुने लोक म्हणत, काटा लावला की कसब संपलं. मला ते तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

शेवटी मी बोलले. सर काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मले येत नाई ते. पण मले येत नाई म्हणून तुले काहून थांबवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून लाल डोक्याची टाचणी आणली होती. माझ्याच बांबूच्या धनुष्यावर, मुठीच्या वर, चिकटपट्टीने फोमची एक पट्टी बसवली आणि तिच्यात ती टाचणी आडवी खोचली, लाल डोकं बाहेर राहील अशी. स्पर्धेत हे चाललं नसतं, पण सरावाला कोण अडवणार? ते डोकं पिवळ्यावर आणायचं आणि तीर सोडायचा. तीर खाली लागले तर टाचणी खाली घ्यायची, डावीकडे लागले तर डावीकडे. आधी हे मला उलटं वाटे. सर सांगत, "तीर कुठी लागला ते पाय, काटा त्याच्या मांगं ने." साइट खाली गेली की नेम धरताना धनुष्य वर उचललं जातं, हा हिशेब त्यांनी स्वतः मारून पाहून जुळवला होता.

खरी अडचण निराळीच होती. तिराच्या टोकाने नेम धरताना हाताची थरथर जाणवत नव्हती. लाल ठिपका मात्र सगळं दाखवायचा. तो पिवळ्याभोवती फिरत राही, मी तो स्थिर होण्याची वाट बघे, खांदे भरून येत आणि तीर भलतीकडे जाई. अकोल्यात एअर पिस्तूल मारणारा माझा मावसभाऊ सांगतो की पिस्तुलावर उघड्या साइटऐवजी विजेरी लाल ठिपका लावला की नेमकं हेच होतं. उघड्या साइटवर डोळा पुढच्या काट्यावर ठेवायचा असतो आणि लक्ष्य अंधुक दिसू द्यायचं असतं. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये नजर लक्ष्यावर ठेवता येते, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना ते सोपं जातं, पण हाताची प्रत्येक थरथर समोर नाचते.

माझ्या थरथरीवर उपाय सरांकडे नव्हता. म्हणून ते रिकर्व्हच्या एका शिबिराला गेले. तिथले प्रशिक्षक त्यांच्याहून वयाने बरेच लहान होते. सर पोरांच्या रांगेत शंभरपानी वही घेऊन उभे राहिले. त्या वहीत त्यांनी काढलेल्या आकृत्या मी पाहिल्या आहेत. रिकर्व्हला मागची साइट नसते, डोळ्यासमोर अंधुक दिसणारी दोरीच ते काम करते, म्हणून ती दर वेळी एकाच जागी दिसली पाहिजे, हे त्यांनी तीनदा अधोरेखित केलं होतं. ठिपका फिरू द्यायचा, नजर पिवळ्यावर ठेवायची आणि पाठीचा ताण थांबू द्यायचा नाही, हेही त्यात होतं. परतल्यावर त्यांनी हे सगळं आधी स्वतः करून पाहिलं. ज्या माणसाचे तीर खेटून लागत, त्याचे तीर माझ्यादेखत टार्गेटबाहेर गेले. त्यांनी ते शांतपणे वेचून आणले आणि पुन्हा उभे राहिले.

माझं नाव पुढे फारसं झालं नाही, राज्य पातळीच्या आसपास मी थांबले. पण याच अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाजी शिकला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गाल्सान बाझारझापोव्हला 6-0 ने हरवलं. तो सामना मी आणि सरांनी फोन चालू ठेवून पाहिला. 2023 मध्ये बर्लिनलाच नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. सरांनी फोनवर विचारलं, "त्या साइटमधी भिंग असते म्हणते, खरं काय?" खरं आहे. रिकर्व्हला भिंग चालत नाही, कंपाउंडला चालतं, शिवाय दोरीत बारीक छिद्राची पीप असते.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे. माझी एक विद्यार्थिनी, बार्शीटाकळीकडची, तिला रिकर्व्ह सोडून कंपाउंड घ्यायचं आहे. मला कंपाउंड येत नाही. या उन्हाळ्यात मी तिच्याबरोबर शिबिराला नाव दिलं, वही घेतली आणि सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "भिंगाची आकृती नीट काढजो. अन् आल्यावर मले शिकव."