थकव्याची फिर्याद

विद्यापीठ, अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी तीन विद्यास्थाने विष्णुपुरीच्या आसऱ्याने नांदत असल्यामुळे पहाटेच्या वेळी या रस्त्यावर धावणारांचे दोन वर्ग सहज दृष्टीस पडतात. एक आम्हां नोकरदारांचा, ज्यांना दम लागताच चहाच्या गाड्याशी थांबण्याची पूर्ण मुभा आहे. आणि दुसरा, खेड्यापाड्यांतून येऊन खोली करून राहिलेल्या आणि भरतीवाचून अन्य आशा नसलेल्या मुलामुलींचा. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत येणाऱ्या मुलास २० पैकी २० गुण मिळतात आणि त्यापुढे उशिराच्या प्रमाणात कपात होते. हा हिशेब ज्याच्या डोक्यात अहोरात्र चालू आहे, त्याला 'आज थांब' म्हणणारा हितचिंतक वैरीच वाटावयाचा.

वास्तविक आळस आणि खरा थकवा हे दोन्ही फिर्यादी पहाटे एकाच सुरात बोलतात, आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचा निवाडा करू जाणे व्यर्थ होय. उठून दहा मिनिटे सावकाश धावले, की आळस बहुधा आपली फिर्याद मागे घेतो. खरा थकवा मात्र पावलागणिक जड होत जातो. शिवाय हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, आणि म्हणूनच ज्याचा दम नुकताच वाढला आहे अशा उत्साही मुलाचीच नडगी आधी दगा देते. मुले या दुखण्याला 'शिन पेन' म्हणतात. कठड्यावर बसून, पँट गुडघ्यापर्यंत सारून, अंगठ्याने नडगी चाचपणारा मुलगा येथे नित्य दिसतो : वेदना वीतभर पसरलेली असली तर सराव कमी करून बहुधा निभावते, पण अंगठ्याखालच्या एकाच बिंदूवर तो कळवळला, तर हाडास चीर असण्याचा संभव धरून धावणे तत्काळ तहकूब केले पाहिजे. इतके असूनही तो बुटाची नाडी आवळतो आणि उठतो.

येथील गोदावरीवरच्या प्रकल्पात पाणी उपसूनच वर न्यावे लागते, आणि आवक आटली की उन्हाळ्यात त्या उपशावर हुकुमाने बंदी येते. शरीराच्या बाबतीत असा हुकूम काढणारा अधिकारी कोण?

कधी दुखापतच तो काढते. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेला घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेस मुकावे लागले, आणि त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पुरी करून गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. लादलेल्या विश्रांतीचेच हे फळ, असे मी म्हणत नाही. मला एवढेच दिसते की तो सैन्यात होता. पगार, शिधा आणि वैद्यकीय उपचार यांची तजवीज झालेल्या माणसाला दुखापतीतून उठण्यासाठी अवधी घेता येतो. आमच्या रस्त्यावरच्या मुलाचे एकेक महिन्याचे भाडे बापाच्या सोयाबीनमधून येते.

यास्तव अशा मुलांना संयमाचे पाठ देणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. २०२४ साली झारखंडात अबकारी शिपायांच्या भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले, तेव्हाही पुष्कळांनी उमेदवारांच्या तयारीकडेच बोट दाखविले. परंतु विश्रांती केव्हा घ्यावी याचा निर्णय अखेर स्पर्धेच्या तारखेवरून मागे मोजत करावयाचा असतो : शेवटचा कष्टाचा आठवडा कोणता, सराव निम्म्यावर केव्हा आणावयाचा, हे सारे त्या एका दिवसावर अवलंबून. मुले मला विचारतात, 'सर, रविवारी ग्राउंडला सुट्टी द्यावी का?' मी उलट चाचणीची तारीख विचारतो. अर्ज भरून महिने लोटलेले असतात, आणि तारीख कोणापाशीच नसते.