नातवाची सायकल का करकरते?



कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे मुलांनो तुम्ही घरी ऐकलंच असेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. घाणा करकरला की तो कोरडा पडलाय की लाट वाकडी चाललीय, हे जाणता माणूस आवाजावरून ओळखत असणार. इथे न्यूयॉर्कला आमच्याकडे घाणा नाही, पण नातवाची सायकल आहे.

ही सायकल निराळी. हिला फ्रीव्हीलच नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, उतारावर पाय थांबवून बसायची सोय नाही. इकडे तिला फिक्स्ड-गिअर म्हणतात. मूळची ही शर्यतीची. आमच्या क्वीन्समधल्या किसीना पार्कात 400 मीटरचा व्हेलोड्रोम आहे, तिथे 1964 च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या सायकलपटूंची निवड चाचणी झाली होती. पुढे शहरातल्या कुरियरवाल्या पोरांनी ती रस्त्यावर आणली.

आपल्या मुंबईच्या काळ्या सायकली उतारावर टिक्-टिक् करायच्या, तो फ्रीव्हीलच्या आतल्या खिट्ट्यांचा आवाज. हिच्यात खिट्ट्या नाहीत, म्हणून ही धड असली तर मुकी असते. बोलायला लागली की कान द्यावा.

नातवाची सायकल करकरू लागली. तेल घालून झालं, आवाज काही जाईना. दुकानात चेन फार ताणून बसवली होती, म्हणून त्यानं ती सैल केली. आवाज गेला! पोरगा खूश. आमच्या मात्र छातीत धस्स झालं, कारण साध्या सायकलची चेन उतरली तर नुसते पेडल रिकामे फिरतात; हिची उतरून अडकली तर मागचं चाकच जागच्या जागी थांबतं, आणि मागून बस येत असते. पुढचा ब्रेक आम्ही आधीच हट्टानं लावून घेतला होता, तेवढाच आधार.

मग आम्ही सायकल उलटी करून बसलो. त्याच्या सायकलला पुढे 48 दात, मागे 16. म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाच्या तीन फेऱ्या. (मुलांनो, भागून बघा.) आवाज पेडलच्या फेरीला एकदा आला तर दोष पुढे, तीनदा आला तर मागच्या चाकात. दोनेक फेऱ्यांनी एकदा आला तर चेनचीच एखादी कडी आखडलेली, कारण चेनला पुरी फिरायला तेवढा वेळ लागतो. आमचा आवाज फेरीला एकदा. पुढचं दातेरी चक्र मध्यावर बसलेलंच नव्हतं, त्यामुळे चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी लोंबती.

यावरचा उपाय मॅसॅच्युसेट्सचे शेल्डन ब्राउन सांगत. सायकलींचा मोठा जाणकार माणूस, 2008 साली वारले. चक्राचे बोल्ट किंचित सैल करायचे, चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे थांबून तिला वरून हलकेच टिचकी मारायची. चक्र थोडं सरकतं. मग बोल्ट जरा आवळून पुन्हा फिरवून बघायचं. ताण सगळीकडे सारखा झाला की मागचं चाक सरकवून चेन अशी ठेवायची की ताठ जागी मधोमध दाबल्यावर अर्धा इंच हलेल. आमचा अर्धा रविवार यात गेला. चहा दोनदा झाला.

एवढं करूनही कोणाची चेन खरखरलीच तर फूटपट्टी लावा. नव्या चेनच्या बारा जोडकड्या बरोबर 12 इंच भरतात. पाव इंचाचा निम्मा भाग जास्त भरला तर चेन झिजली, आणि तिनं दातही खाल्ले असणार. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर आवाज आणखीच वाढतो. तेल कड्यांच्या आत थेंबाथेंबानं सोडावं, बाहेरचं फडक्यानं पुसून टाकावं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

आणि एक, हे मोठ्यांनीही नीट वाचा. या सायकलची चेन पुसताना चाक कधीही फिरवत ठेवू नये. फडकं चेनमध्ये सापडलं तर चाक थांबत नाही, बोट आत ओढलं जातं आणि तुटतं. चाक थांबवायचं, चार कड्या पुसायच्या, हात बाजूला, मग पेडल थोडं पुढे. वेळ लागतो, लागू दे.