थेंबाचा थाट

ड्रुपल हा मूळचा बेल्जियमचा. धंदा संकेतस्थळं उभारून देण्याचा. फी घेत नाही. आपली सगळी विद्या उघडी टाकून बसलेला असतो. ज्याला हवी त्याने न्यावी, बदलावी, पुढच्याला द्यावी. पण फुकट देतो म्हणजे नरम असेल, असं समजून त्याच्या दारात गेलात तर पहिल्याच दिवशी घाम फुटेल. हा गृहस्थ शिस्तीचा आहे, हट्टी आहे, विद्येचा थोडा गर्वही बाळगतो, आणि माणसांशिवाय त्याला एक दिवस करमत नाही.

त्याचा जन्म अँटवर्प विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत झाला. 2000 साली तिथे चोवीस तासांची इंटरनेट जोडणी म्हणजे चैन होती. ड्रीस बायटार्ट आणि हान्स स्नायडर या दोघांनी हान्सची एकच जोडणी बिनतारी यंत्रणेने आठ जणांत वाटून घेतली. आज नेट चालू आहे का, रात्री जेवायला कुठे जमायचं, असले निरोप ठेवायला ड्रीसने एक छोटा फळा तयार केला. शिक्षण संपून मंडळी पांगायची वेळ आली, तेव्हा हा फळा बाहेरच्या जगात न्यायचं ठरलं. डचमध्ये खेड्याला 'डॉर्प' म्हणतात. ते नाव नोंदवताना अक्षरं उलटसुलट पडली आणि 'ड्रॉप' झालं. तेच आवडलं, ठेवून दिलं. 15 जानेवारी 2001 रोजी फळ्यामागचं सॉफ्टवेअर 'ड्रुपल' या नावाने सर्वांसाठी खुलं झालं. पुढे निळा थेंब हीच त्याची ओळख झाली. स्वतःचं चित्र काढून घ्यायची त्याला भारी हौस आहे. गावोगावच्या मेळाव्यांत त्या थेंबाला तिथला पोशाख चढवतात, टोप्या घालतात, आणि तो सगळं खुशाल मिरवतो.

त्याच्याशी बोलायचं तर आधी त्याची भाषा शिकावी लागते. आपण ज्याला पान म्हणतो त्याला तो 'नोड' म्हणणार. वर्गवारी म्हटलेलं चालत नाही, 'टॅक्सॉनॉमी' म्हणा. नवखा माणूस इथेच कंटाळतो. पण जरा दम धरून त्याच्यासमोर एखादी खरी अडचण मांडा, मग बघा. समजा एका नाट्यसंस्थेचं संकेतस्थळ करायचं आहे. नाटकं आहेत, कलावंत आहेत, नाट्यगृहं आहेत, प्रयोगांच्या तारखा आहेत. दुसरा कोणी असता तर त्याने चार पानं टाकून मजकूर भरला असता. ड्रुपल आधी तुम्हाला समोर बसवतो आणि विचारतो: नाटक म्हणजे काय काय? लेखक, दिग्दर्शक, कालावधी. प्रयोग म्हणजे? एक नाटक, एक नाट्यगृह, एक तारीख. ही नाती एकदा नीट बांधून झाली की 'व्ह्यूज' नावाच्या मॉड्यूलकडून, म्हणजे जोडभागाकडून, काहीही मागा. या कलावंताचे पुढच्या महिन्यातले प्रयोग, गावाप्रमाणे लावून. दोन-चार क्लिकमध्ये यादी तयार. माहितीचा इतका खोल विचार करायला लावणारा दुसरा मास्तर मला भेटलेला नाही.

मोठ्या घरची माणसं त्याच्याकडे येतात ती यासाठीच. 2009 मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसचं संकेतस्थळ त्याच्या हाती आलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संकेतस्थळांचा 'गव्हसीएमएस' त्याच्यावरच उभा आहे. आपल्याकडचं 'मायगव्ह'ही त्याचंच काम.

एका गोष्टीला मात्र तो अजिबात हात लावू देत नाही. त्याचा गाभा, म्हणजे 'कोअर'. कोअरमध्ये परस्पर बदल केला की देव एक मांजराचं पिल्लू मारतो, असं त्याच्या घरात नवशिक्यांना दटावतात. मग वेगळं काही हवं असेल तर? त्याची सोय त्याने फार सुंदर केली आहे. लग्नघरातला कर्ता जसा प्रत्येक कामाआधी घरच्यांना विचारून घेतो, तसा हा पावलोपावली थांबून विचारतो. मजकूर साठवतोय, कोणाला काही सुचवायचंय? पान दाखवतोय, कोणाला काही बदलायचंय? अर्ज उघडतोय, कोणाची हरकत? या थांब्यांना 'हूक' म्हणतात. तुमचं मॉड्यूल तिथे येऊन आपलं म्हणणं मांडतं आणि कोअर अनाघ्रात राहतो. जगभरच्या लोकांनी अशी हजारो मॉड्यूलं लिहून ठेवली आहेत. कोणतीही मागणी पुढे करा, जुना जाणता माणूस आधी हेच सांगेल की त्यासाठी एक मॉड्यूल आहे.

शिस्तीबद्दल काय सांगावं! तुम्ही मोठ्या उत्साहाने एक दुरुस्ती लिहून पाठवता. चालतेही व्यवस्थित. थोड्या वेळाने तिच्यावर शिक्का पडतो: 'नीड्स वर्क'. कारण? कोडमधल्या टिपणीच्या शेवटी पूर्णविराम नाही. टिपणीची ओळ 80 अक्षरांच्या पुढे गेली. दोन मोकळ्या जागांच्या ठिकाणी चार दिल्या. दुरुस्त करून पाठवा, तर आता चाचणी लिहिलेली नाही म्हणून परत. अखेर एक दिवस 'आरटीबीसी' अशी चार अक्षरं दिसतात, म्हणजे मंडळींनी तपासलं, चालवून पाहिलं, आता आत घ्यायला हरकत नाही. ती चार अक्षरं पहिल्यांदा मिळाल्यावर पुण्याच्या हिंजवडीपासून पोर्तुगालपर्यंत कुठलाही माणूस सारखाच हरखतो.

बुधवारी त्याचा मूड वेगळा असतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या तो बुधवारीच जाहीर करतो, म्हणजे सगळ्यांना माहीत असावं की आज रात्री तयार राहायचं. 15 ऑक्टोबर 2014 चा बुधवार कोणी विसरणार नाही. त्या दिवशी सातव्या आवृत्तीतली एक गंभीर फट आणि तिची दुरुस्ती एकदमच जाहीर झाली आणि चोरांनी काही तासांत दारं ठोठावायला सुरुवात केली. पुढे त्याच्या सुरक्षा पथकाने सरळ सांगितलं की ज्यांनी पहिल्या सात तासांत दुरुस्ती केली नाही त्यांनी आपलं संकेतस्थळ फुटलंच असं धरून चालावं. स्वतःबद्दल इतकं कडू सत्य जाहीरपणे सांगायला मोठं काळीज लागतं. 2018 साली पुन्हा तशीच फट सापडली, तेव्हा त्याने आठवडाभर आधी बजावून ठेवलं: 28 मार्चला अमुक दीड तासात दुरुस्ती येईल, वेळ राखून ठेवा. ती वेळ आपल्याकडे रात्री साडेअकरा ते एक. त्या रात्री भारतात कितीतरी जण संगणकासमोर जागे बसले होते.

आता त्याच्या हट्टाकडे येतो. 'थेंब सतत पुढे सरकत असतो' हे त्याच्या घरचं जुनं वचन. दर मोठ्या आवृत्तीला तो राहतं घर पाडून नवं बांधायचा. तुमची माहिती जपेन, तुमच्या कोडची हमी देणार नाही, असा रोखठोक करार. सहाव्या आवृत्तीवर लिहिलेलं मॉड्यूल सातवीत चालायचं नाही, सातवीवरचं आठवीत नाही. आठवी आवृत्ती 19 नोव्हेंबर 2015 रोजी आली, तेव्हा तर त्याने कमालच केली. सगळं स्वतःच घडवायचं हा बाणा सोडून 'सिम्फनी' या दुसऱ्या प्रकल्पाचे भाग घरात आणले, साचे 'ट्विग'मध्ये घातले, सगळी मांडणी आधुनिक केली. 3,000 हून अधिक लोकांचे हात त्या कामाला लागले होते. बहुभाषिकपण तेव्हाच गाभ्यात आलं. बसवतानाच्या भाषांच्या यादीत मराठीही असते, आणि तिचं भाषांतर करायला कोणीही स्वयंसेवक पुढे येऊ शकतो.

तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय योग्य होता, असंच मी म्हणेन. पण त्याची किंमत मोजली ती छोट्या माणसांनी. सातवीवर एखादी शाळा, एखादं ग्रंथालय, एखादी सेवाभावी संस्था आपलं संकेतस्थळ सुखाने चालवत होती. एखाद्या हौशी कार्यकर्त्याने रविवारी बसून ते केलेलं असायचं. त्याला आठवीत जायचं म्हणजे नवी विद्या शिकून सगळं पहिल्यापासून उभारायचं. पैसे कुठले, वेळ कुठला? खूप जण जागच्या जागी थांबले. काही जण तर आठवी येण्याआधीच वेगळे झाले होते आणि त्यांनी 'बॅकड्रॉप' नावाचं निराळं घर थाटलं. त्याची पहिली आवृत्ती 15 जानेवारी 2015 रोजी, थोरल्याच्या वाढदिवशी आली. त्या फाटाफुटीत कडवटपणा फारसा आला नाही, हे दोन्ही बाजूंच्या माणसांचं मोठेपण.

ड्रुपललाही ते लागलं असावं, कारण नंतर तो पुष्कळ बदलला. सातवीला निरोप द्यायचं त्याने पुन्हा पुन्हा पुढे ढकललं आणि अखेर 5 जानेवारी 2025 रोजी, बरोबर चौदा वर्षांनी, तिची देखभाल थांबवली. 2020 ची नववी आवृत्ती म्हणजे आठवीच, जुनं निकामी कोड काढून टाकलेली. ज्याचं घर नीट झाडलेलं होतं तो एका संध्याकाळी पुढे सरकला. पाडापाडी थांबली.

कोडसाठी येतात आणि माणसांसाठी थांबतात, असं त्याच्याबद्दल म्हणतात. 2005 साली त्याचा सर्व्हर भाराने कोसळला. ड्रीसने नव्या यंत्रासाठी 3,000 डॉलर मागितले. एका दिवसात 10,000 हून अधिक जमले. वर सन मायक्रोसिस्टिम्सने एक यंत्र दिलं ते वेगळंच. तेव्हा त्याच्यामागे ना कंपनी होती ना संस्था, नुसते ओळखी-अनोळखीचे लोक.

हे लोक एकत्र जमतात त्याला 'ड्रुपलकॉन' म्हणतात. आशियातला पहिला ड्रुपलकॉन मुंबईतच झाला, पवईच्या आयआयटीत, 18 ते 21 फेब्रुवारी 2016. पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत या मेळाव्यांचे काही कुळाचार असतात. सगळ्यांचा एकत्र फोटो. ड्रीसचं भाषण, ज्याला सगळे 'ड्रीसनोट' म्हणतात. एका संध्याकाळी प्रश्नमंजूषा, तीत दहा वर्षांपूर्वीच्या मॉड्यूलांची नावं विचारतात आणि लोक टेबलं बडवत उत्तरं देतात. शेवटचा दिवस कामाचा. अनुभवी मंडळी नवख्यांच्या शेजारी बसतात, छोटी चूक शोधून देतात, दुरुस्ती कशी पाठवायची ते दाखवतात. मग त्यातल्या एखाद्या नवख्याला पुढे बोलावून त्याची दुरुस्ती सर्वांदेखत कोअरमध्ये घेतली जाते. सभागृह टाळ्यांनी दणाणतं. एका ओळीची दुरुस्ती असेल, पण त्या माणसाचं नाव कायमचं नोंदलं जातं.

नावं जपणं ही तर त्याची खास सवय. सातवीचा मूळ पोशाख, म्हणजे थीम, 'बार्टिक'. एनिॲक या आद्य संगणकाच्या सहा स्त्री-प्रोग्रॅमरांपैकी जीन बार्टिक यांचं ते नाव. दहाव्या आवृत्तीपासून त्या जागी 'ऑलिव्हेरो' आली. रेचेल ऑलिव्हेरो स्वतः अंध होत्या आणि ड्रुपलची पानं दृष्टिहीनांना नीट वापरता यावीत म्हणून झटत होत्या. 2019 मध्ये त्या गेल्या. त्यांचं नाव दिलेल्या थीममध्ये रंगांचा ठळकपणा, कळफलकावरून फिरण्याची सोय, पडदावाचकाला समजेल अशी रचना हे सगळं बारकाईने पाहिलं गेलं. ॲरन विनबॉर्न हे असेच एक जिव्हाळ्याचे सदस्य, स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने 2015 मध्ये गेले. समूहासाठी निरपेक्षपणे राबणाऱ्या एका माणसाला दरवर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

आणि आता त्याने नवं मनावर घेतलं आहे. 2024 च्या मे महिन्यात पोर्टलंडच्या ड्रुपलकॉनमध्ये ड्रीसने 'स्टारशॉट' मोहीम जाहीर केली. कोड न येणाऱ्या माणसालाही ड्रुपल वापरता आला पाहिजे, हा तिचा हेतू. आठ-नऊ महिन्यांत, 15 जानेवारी 2025 रोजी, 'ड्रुपल सीएमएस'ची पहिली आवृत्ती हातात पडली. आता तो आधी विचारतो की तुम्हाला काय करायचंय: बातम्या द्यायच्या आहेत, कार्यक्रम जाहीर करायचे आहेत, की माणसांची ओळख करून द्यायची आहे? निवडलंत की 'रेसिपी' चालते. लागणारी मॉड्यूलं, रकाने, याद्या, परवानग्या, सगळं एका दमात मांडून तयार. मॉड्यूल शोधायला बाहेर जावं लागत नाही, आतूनच चाळून बसवता येतं. चित्राचं वर्णन लिहायला किंवा नवा मजकूर-प्रकार रचायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेता येते, हवी असेल तरच.

हे त्याने दहा वर्षं आधी करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. त्या दहा वर्षांत छोट्या संस्थांचे कितीतरी कार्यकर्ते दुसरीकडे गेले आणि तिथे रमले. ते सगळे परत येणार नाहीत. पण जी नाट्यसंस्था, जे ग्रंथालय, जी शाळा आज पहिल्यांदा संकेतस्थळ करायला निघाली आहे, तिने याच्याकडे एकदा जरूर जाऊन यावं. जुन्या जाणत्यांची काही कुरकुर आहे की एवढं तयार दिलं तर लोक शिकणार कधी. त्यांच्यासाठी कोरा कोअर पूर्वीसारखाच वेगळा मिळतो, नोड आणि टॅक्सॉनॉमीसकट. आणि दुरुस्ती पाठवताना टिपणीच्या शेवटी पूर्णविराम दोघांनाही द्यावाच लागतो.