वाडग्याचें रोगण

लांकूड कातून त्याचा वाडगा करणें हें अर्धेंच काम होय. त्यावर काय लावावें हें ठरविणें, आणि तें लावल्यावर धीर धरणें, हें उरलेलें अर्धें काम. ही गोष्ट मला कोणत्याहि पुस्तकांत मिळाली नाहीं. ती माझ्या आजीनें, एक शब्दहि न बोलतां, मला शिकविली. वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहावें असें गुरुजींनीं सांगितलें, तेव्हां तोच प्रसंग प्रथम मनांत आला.

माझें गांव धामणगांव बढे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत तें आहे. तेथें माझी आजी असते. गेल्या दोनतीन वर्षांपासून तिचे हात कांपतात. सकाळीं ज्वारीची कढत आंबील पिण्याची तिची जुनी संवय. पण स्टीलचा वाडगा लागलाच तापतो, आणि पदराच्या घडींत धरलेला तो वाडगा दोन वेळां तिच्या हातून निसटला. लांकडांतून उष्णता फार सावकाश वाहते, हें आम्हीं पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलों होतों. तेव्हां दिवाळीच्या सुटींत आजीसाठीं लांकडी वाडगा करावयाचाच, असा मीं निश्चय केला.

आमच्या घरामागच्या गल्लींत एक वृद्ध मिस्तरी राहतात. पलंगाचे पाय, पाळण्याचे खूर, लाटणीं असें कातकाम ते करतात. त्यांनीं कडुनिंबाचा ठोकळा कडू म्हणून बाजूस सारला आणि दोन उन्हाळे पाहिलेला आंब्याचा एक ठोकळा मला काढून दिला. चार दिवस त्यांच्या नजरेखालीं मीं तो कातला. पॉलिशपेपरनें घासून झाल्यावर त्यांनीं तो ओल्या फडक्यानें पुसून वाळूं दिला. पाण्यानें दबलेले तंतू उभे राहिले आणि गुळगुळीत वाटणारा वाडगा पुन्हां खरखरीत झाला. तो मग पुन्हां घासला. लांकडाची ही खोड आधींच काढून टाकली नाहीं, तर पहिल्या धुण्यांतच ती उघडी पडते.

“आतां याले जवसाचं तेल पाज, अन् महिनाभर विसरून जाय, बाबू,” मिस्तरी म्हणाले.

परंतु भाऊबीज दोन दिवसांवर आली होती, आणि मला चकाकी हवी होती. मलकापूरच्या बाजारांतून चपडा लाख आणून मीं ती स्पिरिटांत विरघळविली व कापसाच्या बोळ्यानें एकावर एक सहा हात दिले. एका दिवसांत वाडगा आरशासारखा झळकूं लागला. मिस्तरींनीं तो हातांत घेऊन फिरवून पाहिला आणि कांहीं न बोलतां परत दिला.

लाख ही वस्तु कांहीं वाईट नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अगदीं बारीक किडा आपल्या अंगाभोंवतीं हा राळेसारखा पदार्थ निर्माण करतो. तिचा व्यापार एवढा मोठा, कीं 1924 सालीं रांचीजवळ नामकुम येथें केवळ लाखेच्या संशोधनासाठीं संस्था निघाली. गोळ्यांवर व मिठाईवर शुद्ध लाखेचा पातळ थर देतात, म्हणजे ती विषारीहि नाहीं. कर्नाटकांतील चन्नपट्टण येथील कारागीर फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळते, आणि केवड्याच्या जातीच्या पानानें ती चोळून सारखी करतात. आपल्या सावंतवाडीची रंगीत खेळणीं व गंजिफा कोणास ठाऊक नाहींत? ती कला लयास जात असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवरामराजे भोंसले व सत्वशीलादेवी यांनीं तिला राजवाड्यांतच आश्रय दिला. आमच्या मिस्तरींनीं लाख चढविलेले पाळण्याचे खूर आज दुसऱ्या पिढीच्या बाळांना झुलवीत आहेत. पण पाळण्याच्या खुरांत कोणी कढत आंबील ओतीत नाहीं, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षांत आली नव्हती.

नाताळच्या सुटींत घरीं गेलों, तों आजी पूर्वींप्रमाणेंच स्टीलच्या वाडग्याभोंवतीं फडकें गुंडाळून आंबील पीत होती. माझा वाडगा फडताळावर पालथा ठेवलेला होता. मीं तो उलटून पाहिला. आंत पांढरे डाग पडले होते, कांठ चिकट झाला होता, आणि तळाशीं तर लाख उडून लांकूड काळें पडलें होतें. “रोज वापरून जुना होईन म्हणून ठेवला,” आजी म्हणाली. मला वाईट वाटूं नये म्हणून ती खोटें बोलली, हें मला त्याच क्षणीं कळलें, आणि माझी मान खालीं गेली.

कारण शोधणें कठीण नव्हतें. उष्णतेनें लाख मऊ होते आणि गरम पाण्याच्या वाफेनें पांढरी पडते. शिवाय आजी भांडीं चुलीच्या राखेनें घासते. राखेंत क्षार असतो, आणि लाख क्षाराच्या पाण्यांत विरघळते. म्हणजे ज्या घरांत तो वाडगा जावयाचा होता, त्या घराचा विचार न करतां मीं केवळ माझ्या डोळ्यांचा विचार केला होता. पेल्याची बाहेरची बाजू स्वच्छ करणाऱ्यांस प्रभूनें काय म्हटलें, तें आम्ही प्रार्थनेच्या वेळीं किती तरी वेळां ऐकलें आहे. पण तें आपल्यालाच लागू पडतें, असें त्या दिवसापर्यंत मला वाटलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मी मिस्तरींकडे गेलों. त्यांनीं जुना वाडगा पुन्हां सांगाड्यावर चढवून लाख व काळा भाग कातून काढला. वाडगा थोडा पातळ झाला, पण वांचला. मग तेलाची निवड. शेंगदाण्याचें तेल लांकडांत मुरतें, पण वाळत नाहीं. कांहीं दिवसांनीं तें खवट होतें. जवसाचें तेल मात्र हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें व लांकडाच्या तंतूंतच बसतें. तें वरचें कवच नसल्यामुळें त्याचे पापुद्रे सुटत नाहींत. दुकानांत रंगासाठीं मिळणारें उकळलेलें जवसाचें तेल लवकर वाळतें खरें, परंतु त्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तें अन्नाच्या भांड्यास लावूं नये. आम्हीं घाण्याचें शुद्ध तेल घेतलें. मेणहि मिस्तरींनीं बाहेरच्या अंगापुरतेंच ठेवण्यास सांगितलें, कारण मधमाशांचें मेण सुमारें 63 अंशांवर वितळतें, आणि कढत आंबील त्याहून अधिक गरम असते.

तेल किंचित् कोमट करून फडक्यानें लावावयाचें, अर्धा तास मुरूं द्यावयाचें, आणि वर राहिलेलें सर्व निपटून पुसावयाचें. पुसण्यांत आळस केला तर तेंच तेल चिकट होऊन बसतें. जेथें तंतूंचीं टोकें बाहेर येतात, तेथें लांकूड अधिक तेल पितें. तेथें पुन्हां हात द्यावा लागतो. तेलाचीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत, असें मिस्तरींनीं बजावून सांगितलें. तेल वाळतांना उष्णता निर्माण होते आणि अशीं फडकीं आपोआप पेट घेतात. आम्हीं तीं पसरून उन्हांत वाळविलीं.

एक दिवसाआड एक, असे तीन हात देऊन झाले आणि सुटी संपली. उरलेले दोन हात धाकट्या बहिणीवर सोंपवून मी वसतिगृहांत परत आलों. जानेवारीच्या मध्यास बाबांचा फोन आला. आजीला ताप होता, आणि ती वाडगा मागत होती. “देऊं काय?” असें त्यांनीं विचारलें. मीं बहिणीला वास घेऊन पाहण्यास सांगितलें. तेलाचा वास अजून येत होता, आणि बोट फिरविल्यास तें किंचित् अडत होतें. “अजून नको,” असें मीं म्हटलें. तें उत्तर देतांना माझा घसा दाटून आला. आजी बरी झाली नाहीं तर? त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. घाईनें एकदां मीं तिला फसविलें होतें. आतां धीर धरून तिला मुकणार तर नाहीं ना, असें सारखें वाटत होतें.

ईश्वरकृपेनें ताप उतरला. फेब्रुवारींत वास पूर्ण गेला आणि वाडगा आजीच्या हातीं पडला.

मे महिन्यांत मी घरीं गेलों, तेव्हां सकाळची आंबील ती त्यांतूनच पीत होती. वाडग्याला झळाळी नव्हती. जुन्या उंबरठ्यासारखा सौम्य, गडद रंग आला होता. बहिणीनें राखेची संवय सोडवून तो नुसत्या पाण्यानें धुऊन सावलींत वाळविण्याचें काम आपल्याकडे घेतलें होतें, आणि महिन्यांतून एकदां ती त्याला तेलाचें बोट लावीत असे. आंत मात्र वरणाच्या हळदीची एक पिंवळी रेघ उमटली होती. ती पॉलिशपेपरनें काढतों म्हणून मीं हात पुढें केला, तों आजीनें वाडगा पोटाशीं धरला.

“राहूं दे तिले,” ती म्हणाली. “माह्या हाताले आतां चटका बसत नाहीं.”

ती रेघ मीं तशीच राहूं दिली.